एक्कावन्न भांड्यांचा संच

भांड्यांच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी भाव विचारत नाही. ते पातेलं उचलतं, बोटाने टकटक वाजवतं, कानाजवळ नेतं आणि आवाजात काहीतरी कमी असल्यासारखा चेहरा करतं. बत्तीस वर्षं मी हा चेहरा पाहिला. तो भाव पाडण्याची पहिली पायरी असतो. त्यावर आपण काही बोलायचं नाही. दुसरं पातेलं पुढे ठेवायचं, पहिल्यापेक्षा हलकं. ते वाजवून झालं की गिऱ्हाईक आपणहून पहिल्याकडे वळतं. हे मला कोणी शिकवलं नाही. वडील धुळ्याच्या बाजारात हमाल होते, त्यामुळे शिकवण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. मी सायकलच्या मागे अॅल्युमिनियमची पातेली बांधून साक्री, पिंपळनेरचे आठवडे बाजार केले. मग जळगावात भाड्याचा गाळा घेतला आणि तोच पुढे विकत घेतला. गल्लीत आधीची आठ दुकानं होती, सगळी बापजाद्यांपासूनची. माझ्याकडे फक्त तोंड होतं आणि राग होता. तोंडाने धंदा वाढवला. रागाने काय केलं, तेच इथे सांगायचं आहे.

या अंकाच्या संपादकांनी मला 'व्यवसायातल्या गमतीजमती' लिहायला सांगितलं. गमती पुष्कळ आहेत. एक गृहस्थ घरून स्वतःची वजनं पिशवीत घालून आणायचे आणि माझ्या वजनांशेजारी मांडून ठेवायचे. एका बाईंनी प्रेशर कुकर परत आणला, कारण त्याची शिट्टी शेजारणीच्या कुकरपेक्षा हळू वाजत होती. पण असं लिहून पान भरायचं माझ्या जिवावर येतं. माझ्या पोटात एकच गोष्ट इतकी वर्षं बसलेली आहे.

आधी धंदा समजून घ्या. स्टीलचं भांडं किलोवर विकलं जायचं. ताट असो की डबा, तराजूत टाकायचं आणि किलोच्या भावाने पैसे घ्यायचे. घासाघीस किलोमागे दोन-तीन रुपयांची. त्यात लबाडीला जागा कमी, कारण काटा गिऱ्हाइकालाही दिसतो. मग ऐंशीनंतर लग्नाचे संच निघाले. संचात वजन दिसत नाही, आकडा दिसतो. आणि एकदा गिऱ्हाईक आकड्याकडे बघायला लागलं की त्याला हवा तो आकडा दाखवता येतो.

माझं पत्रक गुलाबी कागदावर होतं. वर्तमानपत्रांत घालून वाटायचं आणि एस.टी. स्टँडवर हातात द्यायचं. त्यावर मोठ्या अक्षरात 'संसार संच, ५१ भांडी'. त्याखाली २१०१ रुपये, त्यावर लाल फुली आणि शेजारी १५०१. सगळ्यात खाली 'प्रत्येक भांड्यावर नाव फुकट'. तो संच मी एकवीसशे एक रुपयांना कधीही, कोणालाही विकला नव्हता. फुली मारण्यासाठीच तो आकडा छापला होता. पिंप्राळ्याचे एक बँकेतले साहेब एकदा पत्रक घेऊन आले आणि भरल्या दुकानात म्हणाले, "शेठ, एकवीसशे एकचं एखादं जुनं बिल दाखवता?" मी म्हटलं, "जुनं कशाला? आत्ता तुम्ही त्या भावाला घ्या, नवंकोरं बिल फाडून देतो." सगळं दुकान हसलं. साहेब निघून गेले. त्या उत्तराचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

आता एक्कावन्नचं सांगतो. पंधराशे रुपयांत एक्कावन्न भांडी बसत नाहीत. बसतात एकोणतीस. उरलेली बावीस म्हणजे चौदा झाकणं आणि चहाचे आठ चमचे. ही युक्ती माझी नाही. गल्लीतल्या प्रत्येक दुकानात संच असाच मोजला जायचा. आमच्याकडे तिला कारणही होतं. कारखान्यातून डबे एका पोत्यात येतात, झाकणं दुसऱ्या पोत्यात. दोन्हींचं वजन वेगळं आणि घाऊक बिलात ओळही वेगळी. व्यापाऱ्याच्या लेखी झाकण हा वेगळा माल असतो. गिऱ्हाइकाच्या घरी तसं नसतं, हे आम्हाला ठाऊक होतं. पण ते आम्हाला कोणी विचारत नव्हतं.

नाव घालण्याचं काम हमीदभाईंकडे होतं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, तोंडात विड्याऐवजी लवंग, आणि दुकानाच्या पायरीजवळ त्यांची ठरलेली जागा. पुढे विजेचं यंत्र आलं तरी ते बारीक छिन्नी आणि हातोडीनेच टिंबाटिंबांनी अक्षर काढायचे. लग्नाच्या भांड्यावर मुलीचं नाव, देणाऱ्याचं गाव. मुलीची आई हमखास त्यांच्या समोर उकिडवी बसून राहायची, कारण नावात चूक झाली तर ती जन्मभर तशीच राहते. आणि नाव पडलं की भांडं परत घेतलं जात नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. म्हणून सौदा पटला की मी लगेच हमीदभाईंकडे बघून म्हणायचो, "चला, नाव घ्या." तिकडे आई अक्षरांकडे डोळे लावून बसायची आणि इकडे मी मोठ्याने मोजत पोत्यात भांडी भरायचो. मोजणी त्याच वेळी करायची, आधी नाही आणि नंतरही नाही. ही मात्र माझी स्वतःची युक्ती होती.

असोद्याच्या इंदूअक्का चौधरी दुकानात आल्या तो दिवस मला नीट आठवतो, कारण माझ्याशी तासभर भाव करणारं गिऱ्हाईक वर्षात एखादंच भेटायचं. पन्नाशीच्या, नवरा वारलेला, केळीची थोडी शेती स्वतः बघणाऱ्या. मुलीचं, सुनंदाचं लग्न ठरलं होतं. सासर धुळ्याचं, मुलगा सरकारी नोकरीत. अक्कांनी पत्रक काढून समोर ठेवलं.

"याच्यात किती सोडता?"

"अक्का, यात आधीच सहाशे सोडलेत."

"ते तुमी सोडले. मी सोडवले ते सांगा."

मी हसलो. तिथून तासभर चाललं. चहा झाला. त्या दोनदा उठून पायरीपर्यंत गेल्या आणि मी दोनदा हाक मारली. शेवटी चौदाशे एक्कावन्न आणि वर एक झारा यावर पटलं. मनातून मला ती बाई आवडली होती. मीही भाव असाच करतो.

"पन एक्कावन बरोबर ना, शेटजी?" त्यांनी विचारलं. "म्या विहिनीले सांगून टाकलं हाये. आंदनात एक्कावन भांडी म्हनून."

"बरोबर एक्कावन्न."

त्यांनी हे तीनदा विचारलं आणि मी तीनदा हो म्हटलं. मग हमीदभाईंकडे बघून म्हणालो, "चला, नाव घ्या." अक्का त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. 'सुनंदा' मधल्या अनुस्वाराकडे त्या टक लावून बघत होत्या, तेव्हा मी एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस म्हणत झाकणं पोत्यात टाकत होतो. वरचा झारा मात्र मोजला नाही, तो खरोखरच वरचा दिला. बेइमानीतही माझे काही नियम होते.

अक्का परत आल्या त्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. सुनंदाही आली होती, पण तिच्याबरोबर दोन पोती आली होती. झालं होतं असं की लग्नात मांडवात आंदण मांडलं गेलं, एकाने मोठ्याने 'एक्कावन्न भांडी' असं सांगितलं, आणि मुलाच्या आत्याने सगळ्यांसमोर मोजून एकोणतीसच निघाली असं म्हटलं. झाकणं आणि चमचे मोजायची त्यांच्यात पद्धत नव्हती. कोणाच्यातच नसते. लग्न पार पडलं, पण विहीणबाईंनी ते मनात ठेवलं. आखाजीला सुनेबरोबर संच परत पाठवला आणि निरोप दिला, पुरा करूनच पाठवा. पुरा होईपर्यंत सुनेलाही घाई नाही.

दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं होती. अक्का कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "शेटजी, मले भांडी नको. बाकीची मी घेईन कुठूनबी. तुमी फकत चार ओयी लिहून द्या माह्या विहिनीले. का बाई खोटं बोलली नाही, दुकानानं झाकनं मोजून दिली."

चार ओळी. कागद माझ्या गल्ल्यावर होता आणि पेन माझ्या खिशाला. त्यावेळी लिहून दिल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण गिऱ्हाइकं कान देऊन होती. समोरच्या दुकानाचे मालक आमच्या संघटनेचे अध्यक्ष होते, तेही पायरीवर येऊन बघत होते. मला राग आला की आधी हात चालतो. मी एक झाकण उचललं आणि फरशीवर आपटलं.

"वाजलं ना?" मी म्हटलं. "जे वाजतं ते भांडं. आमच्या धंद्यात झाकण भांड्यातच धरतात. तुम्हाला मोजता येत नसेल तर माझा इलाज नाही."

अक्का झाकण फिरून थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "देवयातली घंटाबी वाजते, शेटजी. तिच्यात कोनी वरन शिजवत नाही."

गिऱ्हाइकं हसली. या वेळी माझ्या बाजूने नाही. मी अक्कांना दुकानातून चालतं व्हायला सांगितलं आणि तेही या शब्दांत नाही.

त्या काळात ग्राहक मंच नवा होता. साध्या कागदावर अर्ज करायचा, फी नाही, वकील लागत नाही. आम्ही व्यापारी त्याची चेष्टा करायचो. असोद्याच्या शाळेतल्या गुरुजींनी अक्कांना अर्ज लिहून दिला आणि मला नोटीस आली. मी संघटनेच्या अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "शेठ, घाबरू नका, सगळी गल्ली तुमच्या पाठीशी आहे. झाकण वेगळा माल आहे हे ठासून सांगा." मी वकील न लावता स्वतः उभा राहायचं ठरवलं. भाव करण्यात मला कोण हरवणार होतं?

सुनावणीला तीन जण समोर बसले होते. मधोमध निवृत्त न्यायाधीश, एका बाजूला एक गृहस्थ आणि दुसऱ्या बाजूला सदस्या बाई, केस पांढरे आणि हातात स्वेटरच्या विणकामाची पिशवी. अक्कांनी दोन्ही पोती टेम्पोने आणली होती. सतरंजी पसरून सगळा संच मांडला. सुनंदा भिंतीशी उभी होती. तिला माहेरी येऊन पाचवा महिना चालू होता.

मी माझी बाजू चांगली मांडली, हे आजही सांगतो. कारखान्याची पोती, वेगळी वजनं, घाऊक बिलातल्या वेगळ्या ओळी, सगळे कागद दाखवले. न्यायाधीशसाहेब मान हलवत होते. मग त्यांनी विचारलं, "हा संच एकवीसशे एक रुपयांना विकल्याचं एखादं बिल आहे का?" बँकेतल्या साहेबांना दिलेलं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. ते तिथे चालणार नाही एवढं मला कळलं. "नाही," मी म्हटलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

सदस्या बाईंनी गुलाबी पत्रक उचललं आणि चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचलं.

"इथे लिहिलंय, प्रत्येक भांड्यावर नाव फुकट. यांना घालून दिलंत ना?"

"बाईसाहेब, एकही भांडं सोडलेलं नाही," मी म्हणालो. "दुकानाचा शब्द आहे तो."

"एकही नाही?"

"एकही नाही. तपासून बघा."

"तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या. "नाव असलेली भांडी एका बाजूला काढून ठेवा."

मी सतरंजीवर बसलो आणि काढायला लागलो. पातेली, ताटं, वाट्या, तांबे, डबे. प्रत्येकावर सुनंदाचं नाव होतं, टिंबं सरळ, अनुस्वार जागच्या जागी. डब्यांची झाकणं उघडून बाजूला ठेवताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. झाकणं कोरी होती. चमचे कोरे होते. हमीदभाईंनी झाकणावर नाव घातलंच नव्हतं. मी चौदाही उलटीसुलटी करून पाहिली. 

"किती झाली?" बाईंनी विचारलं.

"एकोणतीस." वरचा झारा सोडून. तो मी तिथेही मोजला नाही.

"आणि तुम्ही एकही भांडं सोडलं नाही म्हणता. मग ही जी उरलीत, त्यांना आम्ही काय समजायचं?"

मी जन्मभर गिऱ्हाइकाला असाच धरत आलो होतो. आधी त्याच्या तोंडून हो काढायचं, मग भाव सांगायचा. बाईंनी माझ्याच पद्धतीने मला धरलं आणि तेही आवाज न चढवता.

निकाल आमच्या विरुद्ध गेला. तीस दिवसांत बावीस भांडी द्यायची, अक्कांना अर्जखर्चाचे तीनशे रुपये द्यायचे, ते पत्रक वाटणं बंद करायचं आणि भांडी पोचल्याची अक्कांच्या सहीची पावती मंचात जमा करायची. चार ओळींच्या पत्राचं निकालात काही नव्हतं. अक्कांनी अर्जात ते मागितलं होतं, पण भांड्यांचा हुकूम देता येतो, विहिणीला पत्र लिहायचा देता येत नाही.

दुकानावर आल्या आल्या मी हमीदभाईंवर ओरडलो. झाकणं कोरी का ठेवली म्हणून. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"शेठ, झाकणावर नाव घालत नाहीत. भाजी झाकून शेजारी जाते, झाकण बदलून येतं. मग नावावरून बायकांची भांडणं लागतात. उस्तादने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

"मला सांगायचं होतं ना आधी."

"तुम्ही कधी विचारलं? आणि सांगून घालायला लावलं असतं तरी मी घातलं नसतं."

वीस वर्षं माझ्या पायरीवर बसलेल्या माणसाला माझ्या दुकानात भांडं कशाला म्हणतात ते माहीत होतं. मला नव्हतं.

आता माझी तक्रार. ती मी आजवर जाहीर केली नाही, इथे करतो. निकालाची बातमी दुसऱ्या दिवशी जळगावच्या वर्तमानपत्रात छापून आली, दुकानाच्या नावासकट. आठवड्याने संघटनेची बैठक झाली. तिथे अध्यक्ष उभे राहून म्हणाले, की काही व्यापाऱ्यांच्या हावरेपणामुळे सगळा बाजार बदनाम होतो. काही व्यापाऱ्यांच्या. हे म्हणणाऱ्याच्या दुकानात त्या दिवशीही एक्कावन्न भांड्यांचा फलक होता आणि त्यात माझ्यापेक्षा दोन झाकणं जास्त धरलेली होती. मी उभा राहिलो आणि राग आला की येते तीच बोली तोंडात आली, "बठ्ठा बाजार हाईच करी राह्यना, माले एकलालेच का धरं?" सगळा बाजार हेच करतोय तर मला एकट्यालाच का धरलं, या माझ्या प्रश्नावर अध्यक्षांनी पुढचा विषय काढला. दुसऱ्या महिन्यात सगळ्या फलकांवर 'भांडी' जाऊन 'नग' आले, कारण नगात झाकणही धरता येतं. माझ्या खर्चाने अख्ख्या गल्लीला वकील मिळाला. त्यातल्या एकानेही मला निदान चहाला बोलावलं नाही. पुढे मी त्या संघटनेच्या बैठकीला गेलो नाही. आजही बाजारात अध्यक्षांचा मुलगा दिसला की मी रस्ता बदलतो, आणि यात चूक आहे असं मला वाटत नाही.

बावीस भांडी मी निवडून काढली. त्यात घासाघीस केली नाही. चांगली जाड पत्र्याची घेतली, हमीदभाईंकडून नावं घालून घेतली आणि माणसाबरोबर असोद्याला पाठवली. माणूस भांडी घेऊन परत आला. अक्कांनी सही दिली नव्हती. निरोप होता, भांडी इथे नको, धुळ्याला पोचवा, आणि शेटजी स्वतः या.

मी चडफडत असोद्याला गेलो. "अक्का, निकालात धुळ्याचं कुठे लिहिलंय?"

"नाही लिहेल," त्या म्हणाल्या. "सही कुठी करायची तेबी नाही लिहेल."

"निकालाचा कागद आहे ना तुमच्याकडे? तो दाखवा विहीणबाईंना."

"कोर्टाचा कागद मी नेला तर विहीन म्हनेल, खटपटी बाई, कागदबी मियवला. तुमी तोंडानं सांगा. लिहून नका देऊ आता. नुसतं सांगा, मोजनी दुकानाची व्हती."

तीस दिवसांतले सहा उरले होते. मी हो म्हणालो.

टेम्पोत पुढे ड्रायव्हर, मी आणि अक्का. मागे एक्कावन्न भांड्यांची पोती आणि त्यांवर हात ठेवून सुनंदा.  पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा अक्कांनी माझ्या चहाचे पैसे दिले आणि मी नको म्हणालो तर म्हणाल्या, "राहू द्या. माह्या कामाले आले तुमी."

धुळ्याचं घर देवपूरकडे होतं. नवी कॉलनी, ओट्यावर तुळस, शेजारच्या दोन बायका आधीच येऊन बसलेल्या. विहीणबाई उंच, ताठ, बोलण्यात शहरी. सुनेला त्यांनी आत जा म्हटलं नाही. ती पायरीशीच उभी राहिली. भांडी ओट्यावर मांडली गेली. विहीणबाईंनी स्वतः मोजली, झाकणं, चमचे आणि वरचा झारा सोडून. एक्कावन्न भरली. त्यांनी पुन्हा एकदा मोजली.

"मग ही आधी कुठे होती?" त्यांनी विचारलं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या पिशवीत निकालाचा कागद होता, पिशवीवर हात होता. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. वाटेत ते मी जुळवूनही ठेवलं होतं. पण हे माझं गाव. शेजारच्या दोन बायका, ओटा, आणि समोर दोन मुलं सायकल धरून माझ्याकडे बघत होती. या रस्त्यांवरून माझ्या वडिलांनी पोती वाहिली होती. इथे उभं राहून मी लोकांना फसवतो असं म्हणायचं माझ्या तोंडून होईना. इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडाने स्वतःच दुसरा भाव काढला.

"एक गठ्ठा दुकानात राहून गेला होता," मी म्हणालो. "न्यायचा विसरला."

विहीणबाईंचा चेहरा सैल पडला. "म्हणजे घेतली एक्कावन्नच होती."

"एक्कावन्नच."

"बघा," त्या शेजारणींकडे वळल्या, "मी म्हणतच होते, बाई खोटं बोलणारी नाही." मग अक्कांकडे बघून हसल्या. "पण विहीणबाई, बावीस भांडी दुकानात राहिली आणि तुम्हाला पत्ता नाही? तुमच्याकडे मोजून घेत नाहीत वाटतं."

शेजारणी हसल्या. एक म्हणाली, "केळीचे घड मोजायची सवय, भांडी कुठून मोजतील." पुन्हा हसल्या. मी दुरुस्त करू शकत होतो. मी ओट्याच्या फरशीकडे बघत राहिलो. अक्कांचा हात पिशवीत गेला आणि तिथेच थांबला. सुनंदा अजून पायरीवर उभी होती.

"चुकलंच माह्यं," अक्का म्हणाल्या.

"जाऊ द्या, झालं ते झालं. ये गं आत," विहीणबाई सुनेला म्हणाल्या. सुनंदाने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

परतीच्या वाटेवर टेम्पो फागण्याच्या पुढे गेल्यावर अक्का बोलल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी एकच गोष्ट मागतली, शेटजी. तुमी त्याच्यातबी भाव केला."

मी म्हणालो, "अक्का, पोरगी घरात गेली ना."

"गेली," त्या म्हणाल्या. "पोरीचं झालं."

 असोद्याला उतरल्यावर मी पावतीचा कागद पुढे केला. त्यांनी ओट्यावर बसून, चष्मा लावून, चौथीपर्यंत शिकलेल्या मोठ्या अक्षरात सही केली. मग सहीच्या खाली काहीतरी लिहायला लागल्या. मी ओणवून बघायचा प्रयत्न केला तर त्यांनी कागद दुसऱ्या हाताने झाकला. घडी घालून माझ्या हातात दिला.

मी तो टेम्पोत उघडला. 'भांडी पोचली. खरं सांगितलं नाही.'

दुसरा कागद आणून पुन्हा सही मागायची माझी हिंमत झाली नाही. मुदतीच्या आदल्या दिवशी तोच मंचात घेऊन गेलो. कारकुनाने वाचला, मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचला.

"हे दुसरं काय लिहिलंय?"

"भांडी पोचली आहेत," मी म्हणालो. "शिक्का मारा."

त्याने मारला. बाहेर पडलो तेव्हा बाजाराची वेळ झाली होती. मी थेट दुकानात गेलो आणि पातेलं वाजवून बघणाऱ्या एका बाईसमोर दुसरं पातेलं ठेवलं, पहिल्यापेक्षा जड.